महापालिकेच्या प्राथमिक शाळेत पालकांचा सहभाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई महापालिकेच्या प्राथमिक शाळांत ज्यांची मुले शिकतात, त्या पालकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. मी स्वतः दोन मुलांची आई असून मराठी माध्यमाच्या एका मनपा शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीवर चार वर्षे पालक सदस्य होते. त्यामुळे उत्तरांत नियमांबरोबर अनुभवाचाही भाग आला आहे.

शाळा महापालिकेची आहे, सगळे फुकट मिळते. मग आम्ही पालकांनी बोलायचे कोणत्या तोंडाने?

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला गेला आहे आणि विचारणाऱ्या बहुतेक आयाच होत्या. गणवेश, बूट, दप्तर, वह्या अशा २७ शालोपयोगी वस्तू महापालिका मुलांना देते, दुपारचे जेवण देते, पुस्तके मिळतात; इतके घेतल्यावर वर आणखी विचारणा कशी करायची, असा संकोच त्यामागे असतो. हा संकोच मनातून काढून टाकावा. मुंबई शहरात प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९२० साली झाला. पुढे २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, आणि त्यासाठीचा २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलाला जे मिळते ते त्याच्या हक्काचे आहे आणि त्याचा खर्च सगळ्या शहराच्या करातून होतो. त्याच अधिनियमाच्या कलम २४ नुसार शिक्षकांनी पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणे हे शिक्षकांचे कर्तव्य आहे. म्हणजे आपण विचारतो तेव्हा कोणाकडे उपकार मागत नसतो.

शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे काय? तिच्यात कोण असते?

कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी, मनपा आणि अनुदानित शाळेत ही समिती असावी लागते. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही, म्हणून तिथे शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना 'शिक्षक-पालक संघ' हाच शब्द माहीत असतो. समितीतील ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. महाराष्ट्रात अध्यक्ष हा पालक सदस्यांमधूनच निवडला जातो, तर मुख्याध्यापक सचिव म्हणून काम पाहतात. उरलेल्या जागांवर शिक्षक, लोकप्रतिनिधी आणि शिक्षणाशी संबंधित स्थानिक व्यक्ती येतात.

मुख्याध्यापिका बाई सचिव आणि एखादी भाजीविक्रेती ताई अध्यक्ष, ही रचना काहींना अवघडल्यासारखी वाटते. मला ती कायद्यातील सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

आमच्याकडे नावे आधीच ठरलेली असतात. निवड खरोखर होते का?

पालक सदस्यांची निवड पालकसभेत व्हायला हवी. त्या सभेची सूचना सर्व पालकांपर्यंत वेळेवर पोहोचायला हवी. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी नेहमी भेटणारे चार-पाच पालक बोलावून यादी पूर्ण केली जाते. यात दरवेळी वाईट हेतू असतो असे नाही. सभेला येतच नाही कोणी, ही मुख्याध्यापकांची तक्रारही खरी असते.

मी पहिल्या बैठकीला गेले तेव्हा नोंदवही सहीसाठी पुढे आली. त्या दिवसाचे इतिवृत्त निळ्या शाईत आधीच लिहून तयार होते, 'वरील सर्व विषय सर्वानुमते मंजूर' ही ओळही होती, आणि बैठक सुरू व्हायला अजून दहा मिनिटे होती. शेजारच्या ताईंनी सही केली, म्हणून मीही केली. घरी आल्यावर मला त्या सहीची लाज वाटली. पुढच्या महिन्यात मी एवढेच म्हटले की, बाई, सही करण्याआधी एकदा मोठ्याने वाचून दाखवा, आमच्यातल्या दोघींना वाचता येत नाही. बाईंनी वाचले. वाचता वाचता त्यांनाच दोन ओळी खोडाव्या लागल्या, कारण ते काम झालेले नव्हते. तेव्हापासून इतिवृत्त बैठकीनंतर लिहिले जाऊ लागले. कोणाशी भांडण झाले नाही, आवाज चढला नाही. आपल्या शाळेत असे होत असेल तर सुरुवात नोंदवहीपासून करावी, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू अशा तीन-चार शाळा भरतात. मग समिती कोणाची?

मनपाच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत चालतात आणि जागेच्या टंचाईमुळे एका इमारतीत अनेक शाळा, तेही सकाळ आणि दुपार अशा दोन सत्रांत भरतात. प्रत्येक शाळेची समिती वेगळी असते. मात्र स्वच्छतागृहे, पाण्याची टाकी, जिना, फाटक आणि सुरक्षारक्षक हे सगळ्यांचे सामाईक असते. एका शाळेने पत्र दिले की ते काम दुसऱ्या शाळेच्या मजल्यावरचे आहे असे उत्तर येऊ शकते. म्हणून अशा विषयांवर इमारतीतील सर्व समित्यांच्या अध्यक्षांनी एकत्र बसून एकच पत्र द्यावे. भाषा वेगळी असली तरी तुंबलेले स्वच्छतागृह सगळ्यांच्या मुलींना सारखेच छळते.

समितीने नेमके करायचे काय? आम्हाला तर झेंडावंदनाला बोलावतात आणि नारळ फोडायला सांगतात.

शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या अनुदानाचा विनियोग पाहणे ही कायद्याने सांगितलेली मुख्य कामे आहेत. आराखड्याची तरतूद कलम २२ मध्ये आहे. हा आराखडा कागदावर सुंदर दिसतो, पण शाळेत उभे राहून पाहिल्याशिवाय त्यात काय घालायचे हे कळत नाही.

आमच्या आराखड्यात 'पिण्याच्या पाण्याची सोय : आहे' असे लिहिलेले होते आणि ते खोटे नव्हते. एका मधल्या सुट्टीत आमच्यातील एक आई सहज नळाजवळ थांबली. पहिलीच्या मुलांना तोटीपर्यंत हात पुरत नव्हता. एक मुलगा दुसऱ्याच्या पाठीवर चढून ओंजळ धरत होता, आणि बाकीची मुले पाणी न पिताच वर्गात परतत होती. घरून आणलेली बाटली दहा वाजताच संपलेली असे. शेवटी नळासमोर दोन विटांच्या उंचीचा ओटा बांधून घेतला. खर्च किरकोळ होता. तो ओटा आराखड्यात यायला दोन वर्षे लागली होती, कारण मोठ्या माणसांच्या उंचीवरून नळ व्यवस्थितच दिसत होता.

पालकसभेत काय विचारावे? आम्ही गप्प बसून घरी येतो.

बहुतेक सभांत वस्तूंचे वाटप, आधार कार्ड, बँक खाते, अर्जावरच्या सह्या यांतच वेळ जातो. हे विषय आवश्यक आहेत, पण यांतच सभा संपली तर मुलाच्या शिक्षणाविषयी एक शब्दही झालेला नसतो. माझ्या मते पालकाने एक प्रश्न कधीही सोडू नये : माझ्या मुलाला आज काय वाचता येते आणि कोणते गणित करता येते, ते मला वहीतून दाखवाल का? 'ठीक आहे', 'थोडा खोडकर आहे', 'लक्ष द्या जरा' ही उत्तरे ऐकून उठू नये. राष्ट्रीय पातळीवर २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि पायाभूत संख्याज्ञान यावे हे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यामुळे तिसरीतल्या मुलाला सोपा परिच्छेद वाचता येत नसेल तर ती बाब शाळेनेही गंभीर मानायला हवी. प्रगतिपुस्तकातील श्रेणी पाहून समाधान मानू नये. श्रेणी कोणत्या कामावरून दिली ते विचारावे.

आणखी एक लक्षात ठेवावे. आठवीपर्यंत नापास करत नाहीत, हा समज आता पूर्णपणे बरोबर नाही. केंद्राने २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि महाराष्ट्रातही पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणि अनुत्तीर्ण मुलांसाठी पुनर्परीक्षा आली आहे. पहिली-दुसरीतले दुर्लक्ष पाचवीत अचानक समोर येते, तेव्हा मूल दहा-अकरा वर्षांचे झालेले असते आणि त्याला लाज वाटू लागलेली असते.

मला लिहिता-वाचता येत नाही. मी मुलाचा अभ्यास कसा पाहू?

हा प्रश्न विचारणाऱ्या एका ताईंचे उदाहरण मी नेहमी सांगते. त्या भाजी विकतात. रोज रात्री दुसऱ्या दिवशीची मेथी निवडता निवडता त्या मुलीला पुस्तकातले एक पान मोठ्याने वाचायला लावत. मुलगी दुसरीत होती आणि घडाघडा वाचत असे. एके दिवशी ताईंनी पानाच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवले आणि विचारले, "हे काय लिहिलंय गं?" मुलगी गप्प झाली. तिने पहिल्या ओळीपासून म्हणायला सुरुवात केली आणि त्या शब्दापर्यंत आली तेव्हा तो शब्द सांगितला. ती वाचत नव्हती, पाठ म्हणत होती. दुसऱ्या दिवशी ताई शाळेच्या फाटकावर बाईंना भेटल्या आणि जे पाहिले तेवढेच सांगितले. चाळीसहून अधिक मुलांच्या वर्गात बाईंच्या हे ध्यानात आले नव्हते. त्यांनी त्या मुलीला आणि आणखी पाच-सहा मुलांना वेगळे बसवून अक्षरओळख आणि बाराखडी पुन्हा घेतली.

ताईंना त्या पानावरचे एकही अक्षर येत नव्हते. तरीही मुलीची अडचण पहिल्यांदा त्यांनाच दिसली. रोज पंधरा मिनिटे मुलाजवळ बसणे, त्याला वाचायला लावणे, मधूनच बोट ठेवून विचारणे, बेस्टच्या बसचा क्रमांक वाचायला सांगणे, पन्नासच्या नोटेतून किती परत येतील ते मोजायला लावणे, यातले काहीही करण्यासाठी आईबापांचे शिक्षण आड येत नाही. मूल इंग्रजी किंवा सेमी इंग्रजी माध्यमात असले तरी आज शाळेत काय झाले ते घरच्या भाषेत सांगायला लावावे. जे समजले आहे ते मुलाला आपल्या भाषेत सांगता येते.

सभा सकाळी अकराला असते. कामावर खाडा केला तर मजुरी बुडते. काय करावे?

घरकाम, नाका कामगार, रिक्षा, सुरक्षारक्षकाची नोकरी यांवर पोट असलेल्या पालकांनी 'सहभाग कमी आहे' असे ऐकून घ्यावे लागते, याचे मला वाईट वाटते. अकराची वेळ ज्यांनी ठरवली त्यांचा त्या वेळेचा पगार कापला जात नाही. सभेची वेळ समितीच्या बैठकीत ठरवता येते आणि ती बदलून मागावी. आम्ही सभा शनिवारी ठेवून पाहिली, तेव्हा एरवी कधीच न दिसणारे वडील आले. सभेला जाणे शक्यच नसेल तर मूल सोडताना किंवा नेताना वर्गशिक्षकांना पाच मिनिटे भेटण्याचा दिवस ठरवून घ्यावा. व्हॉट्सअ‍ॅप गट सूचनांसाठी चांगला आहे, पण तिथे कोणत्याही मुलाच्या अभ्यासाची किंवा वागण्याची चर्चा करू नये.

आणि वडिलांनी यावे. 'शाळेचे तिची आई बघते' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्यावर अधिक लिहिण्याची इच्छा होत नाही.

शाळेतील खिचडीबाबत पालकांना काही अधिकार आहे का?

आहे. १९९५ मध्ये सुरू झालेली ही मध्यान्ह भोजन योजना २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालते. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. जेवण वाढण्याआधी शिक्षकाने आणि समितीच्या सदस्यांनी चव घेऊन पाहावी असा नियम असून त्याची नोंद चव नोंदवहीत होते. पालकांनी आठवड्यातून एक दिवस आळीपाळीने येऊन खरोखर चव घ्यावी. डाळ किती आहे हे ताट पाहूनच कळते. आंबूस वास आला तर वाढप थांबवून तसे नोंदवहीत लिहावे. मुले डबा का टाकून देतात हेही पाहावे, कारण कधी कधी कारण चवीचे नसून बसायला जागा नसण्याचे असते.

निवडणुकीच्या कामामुळे बाई अनेक दिवस वर्गावर नसतात. हे योग्य आहे का?

कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीचे काम यांसाठी शिक्षकांना नेमता येते. इतर अशैक्षणिक कामांसाठी नाही. त्यामुळे निवडणुकीच्या कामाला बाईंना जबाबदार धरणे चुकीचे आहे. वर्ग दोन तुकड्यांत कोंबला आहे की पर्यायी शिक्षक दिला आहे, हे मात्र समितीने विचारावे. पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावे असे कायद्याच्या अनुसूचीत आहे. बुडालेले तास कसे भरून निघणार हे लेखी विचारायला काहीच हरकत नाही.

शिक्षकांनी मुलाला मारले तर?

शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना कलम १७ ने पूर्ण बंदी आहे. 'दोन फटके द्या, आमची ना नाही' असे स्वतः पालकच सांगतात, ते कृपया बंद करावे. असे घडल्यास मुख्याध्यापकांना त्याच दिवशी लेखी कळवावे. लैंगिक स्वरूपाची कोणतीही बाब असेल तर शाळेच्या उत्तराची वाट न पाहता थेट पोलिसांकडे जावे. १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावरही कोणत्याही वेळी फोन करता येतो.

तक्रार केली तर राग मुलावर निघेल, ही भीती वाटते.

भीती खोटी नाही. एकटा पालक तावातावाने बोलतो आणि दुसऱ्या दिवशी मूल वर्गात एकटे बसते, असे मी पाहिले आहे. म्हणून विषय शक्यतो समितीतून मांडावा आणि त्यात व्यक्तीपेक्षा घटना लिहावी : कोणत्या दिवशी काय झाले, काय व्हायला हवे. आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, त्यानंतर समिती. तिथे काही झाले नाही तर विभाग निरीक्षक आणि आपल्या वॉर्डातील प्रशासकीय अधिकारी (शाळा), आणि सर्वांत शेवटी महापालिकेचे शिक्षणाधिकारी. अर्ज नेहमी दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. तोंडी दिलेले आश्वासन अधिकारी बदलला की उरत नाही. कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाने तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्यापुढे राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाता येते. खर्चाची कागदपत्रे हवी असतील तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करावा, उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते.

चांगले काम दिसले तर तेही लेखी द्यावे. आमच्या समितीने एका बाईंच्या वाचनाच्या तासाबद्दल अभिनंदनाचा ठराव केला होता. त्यांनी त्याची प्रत कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवली होती.

शाळेत पैसे मागितले तर द्यावे का?

प्रवेशासाठी किंवा दाखल्यासाठी पैसे देऊ नयेत. समितीने ठरवून ऐच्छिक वर्गणी काढली तर पावती घ्यावी, आणि ज्याने दिली नाही त्याचे नाव कोठेही वाचले जाणार नाही याची खात्री करावी. शिक्षकांनी खासगी शिकवणी घेण्यास कलम २८ ने मनाई आहे.

गणपती आणि शिमग्याला आम्ही गावी जातो. मुलाची शाळा बुडते, त्याला इलाज काय?

मुंबईचा कोकणी माणूस गणपतीला गावी जाणारच, त्याविषयी वाद नाही. अडचण चार दिवसांचे पंधरा दिवस होतात तेव्हा येते, कारण पहिली-दुसरीत त्या पंधरवड्यात एखादे अख्खे जोडाक्षर किंवा हातच्याची वजाबाकी होऊन जाते. जाण्याआधी बाईंना परतीची तारीख सांगावी, काय शिकवणार आहेत ते विचारून घ्यावे आणि पुस्तक बरोबर न्यावे. न सांगता महिनाभर गेलेल्या मुलाचे नाव शाळाबाह्य यादीत जाण्याची वेळ येऊ देऊ नये.

चाळ पुनर्विकासाला गेली, आम्ही संक्रमण शिबिरात जात आहोत. वर्षाच्या मध्ये शाळा बदलता येते का?

येते. कलम ५ प्रमाणे शाळा सोडल्याचा दाखला लगेच मिळायला हवा आणि तो मिळायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. जन्मदाखला नाही या कारणानेही प्रवेश नाकारता येत नाही. मधल्या काळात मूल घरी बसवू नये, कारण पंधरा दिवसांसाठी घरी बसलेली मुले, विशेषतः धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुली, सहजासहजी परत येत नाहीत.

पटसंख्या घटते आहे. आमची मराठी शाळा बंद होईल का?

मराठी माध्यमाच्या वर्गांतील पट अनेक विभागांत घटला आहे, ही वस्तुस्थिती आहे. गिरणगावात ज्या इमारतीत कधी काळी दोन्ही सत्रे भरलेली असत, तिथे आज वर्ग रिकामे आहेत. पटनोंदणीसाठी शिक्षक मे-जूनमध्ये वस्तीत फिरतात, पण शेजारणीने सांगितलेले आईला अधिक पटते. आपले मूल कसे वाचते ते बालवाडीतल्या मुलांच्या पालकांना शाळेत बोलावून दाखवावे. आम्ही तसे केले त्या वर्षी पहिलीत अकरा मुले वाढली. यात समितीला जेवढे करता येते तेवढे करावे. माध्यमाचा निर्णय मात्र त्या-त्या घराचा आहे, त्यावरून कोणाला नावे ठेवू नयेत.

समितीची मुदत किती? माझे मूल शाळा सोडून गेल्यावर मी काय करावे?

समितीचे पुनर्गठन दर दोन वर्षांनी होते. मूल शाळेतून गेले की पालक म्हणून असलेले सदस्यत्व संपते. जाण्याआधी आपल्याजवळच्या सगळ्या अर्जांच्या पोचपावत्या, आराखड्याची प्रत आणि अर्धवट राहिलेल्या कामांची यादी एका फाइलमध्ये लावून नव्या अध्यक्षांच्या हातात द्यावी, कारण शाळेच्या कपाटातले कागद शोधण्यातच नव्या समितीचे पहिले सहा महिने जातात. माझ्या फाइलमध्ये वरच कुंपणाच्या भिंतीचा अर्ज होता. तो मी दिला तेव्हा भिंत मंजूर झालेली नव्हती. नव्या अध्यक्ष ताईंनी त्याच पोचेवरून पाठपुरावा केला आणि पावसाळ्याच्या आत ती भिंत उभी राहिली.